नऊ हजार किलोमीटरनंतर: पुढच्या नव्या डिस्क, सिरॅमिक पॅड आणि एक बादली पाणी

ब्रेकच्या कामाचं सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट आलं ७८,६०० रुपये. चारही डिस्क, चारही चाकांचे पॅड, ब्रेक ऑइल आणि वर 'क्लीनिंग'. गाडी सेकंड हँड, ५८ हजार चाललेली, दोन लिटर टर्बो सेडान, ओळखणारे ओळखतील. मी वाळूजला टूलरूममध्ये नोकरी करतो, त्यामुळे मायक्रोमीटर सोबत घेऊनच गेलो होतो. पुढच्या डिस्कवर किमान जाडी २२ मिमी कोरलेली, भरली २१.८. म्हणजे त्या गेल्या, वाद नाही. मागच्या मात्र किमान आकड्याच्या वर चांगल्या दीड मिमी. तसं दाखवलं तर अ‍ॅडव्हायझर म्हणतो, "सर, बाहेरचं माप आम्ही धरत नाही." डिस्क त्यांची, आकडा त्यांच्याच डिस्कवर कोरलेला आणि माप तेवढं बाहेरचं! गाडी उचलून आणली.

शेवटी झालेला खर्च: पुढच्या दोन डिस्क २१,०००, पुढे सिरॅमिक पॅड ९,२००, मागे कंपनीच्या मूळच्याच प्रकारचे नवे पॅड ६,४००, ब्रेक ऑइल ९००, मिस्त्रीची मजुरी २,२००. एकूण ३९,७००. मागे इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असल्यामुळे स्कॅनर लावून कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सर्व्हिस मोडला घ्यावा लागतो, नाहीतर पिस्टन दाबायच्या नादात मोटरची वाट लागते. मिस्त्रीकडे स्कॅनर होता, म्हणून त्याच्याकडे गेलो.

आता सिरॅमिकच का, तर पाण्यामुळे. हसू नका. आमच्या भागात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. जायकवाडी पन्नासेक किलोमीटरवर, तरी. आणि जुन्या पॅडनी पुढची चाकं तीन दिवसांत अशी काळी व्हायची की पांढरी गाडी चुलीवरून उतरवल्यासारखी दिसायची. ही धूळ नुसती पॅडची नसते. जुने पॅड लो-मेटॅलिक, म्हणजे थोडा धातू मिसळलेले. असे पॅड डिस्कलाही खरवडतात, त्यामुळे तिच्यात बिडाचा चुरा असतो (धातू, जिल्हा नव्हे). तो तापलेल्या रिमवर बसतो, ओल लागली की गंजतो आणि मग कापडाला दाद देत नाही. आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून मी चाकं धुवायचो. ते पाणी इतकं जड की काळे डाग गेले की पांढरे यायचे. आई रोज विचारायची, "ते पाणी कुंडीला घालायचं की तुझ्या चाकाला?"

तर पॅड बसवले. पहाटे पाचला पैठण रोडला जाऊन बेडिंग केलं, म्हणजे नवे पॅड डिस्कवर रुळवले: ८० वरून २० पर्यंत मध्यम जोराने ब्रेक, असं दहा वेळा, पूर्ण न थांबता, मग पेडलला पाय न लावता पंधरा मिनिटं गाडी चालवून थंड केली. गरम डिस्कवर पाय दाबून सिग्नलला उभं राहिलं की पॅडचा ठसा उमटतो, म्हणून ही पहाटेची यातायात. पहिले दोन महिने मी खूश. चाकं पंधरा-पंधरा दिवस स्वच्छ, अर्ध्या बादलीत चारही उरकायची. तेव्हाच हा अनुभव लिहिला असता तर पाचपैकी पाच दिले असते.

ब्रेकबद्दल म्हणाल तर सकाळी पहिल्या दोन-तीन वेळा पॅड थोडे झोपेत असतात, पाय जास्त दाबावा लागतो. कन्नड घाटात चाळीसगावकडे उतरताना पुढे उसाची ट्रॉली होती, तरी ब्रेक मऊ पडले नाहीत. अर्थात मी दुसऱ्या गिअरमध्ये होतो. सिरॅमिक पॅड म्हणजे सुपरकारच्या कार्बन-सिरॅमिक डिस्क नव्हेत, एवढं ध्यानात ठेवा.

साडेतीन हजार किलोमीटरवर मत फिरलं. समृद्धीवर जालन्याकडे जाताना १२० वरून ब्रेक मारला आणि ९०-१०० च्या आसपास स्टिअरिंग थरथरलं. पुढच्या आठवड्यात जास्त. १२० ला गाडीत ६० च्या चौपट ऊर्जा असते. ती जिरवताना हँडल हातात नाचलं की घाम फुटतो. पॅडच्या नावाने बोटं मोडली. स्वस्तात जाऊन फसलो, सर्व्हिस सेंटरवाला हसत असणार, असलं सगळं मनात आलं.

मग रविवारी चाक काढून डायल गेज लावला. डिस्कचा रनआउट, म्हणजे फिरताना ती आत-बाहेर किती डोलते ते माप, ११० मायक्रॉन. डिस्क उतरवली तर हबच्या (डिस्क ज्यावर बसते तो भाग) तोंडावर गंजाचा पापुद्रा, जसाच्या तसा! बसवताना मिस्त्रीला म्हणालो होतो, हब घासून घे. तो म्हणाला, "साहेब, नवी डिस्क हाय, उगं कशाला टाइम घालायलाव?" आणि मी चहा प्यायला गेलो. चूक पॅडची नाही, त्या चहाची.

गंमत अशी की वाकडी बसलेली डिस्क पहिल्या दिवशी थरथरत नाही. ब्रेक न मारताही दर फेऱ्याला तीच एक जागा पॅडला घासत राहते आणि हजारो किलोमीटरनंतर तिथे पातळ होते. मग ब्रेक मारला की पॅड त्या खाचखळग्यावरून उड्या मारतो. लोक म्हणतात 'डिस्क बेंड झाली'. बहुतेक वेळा बेंड काही झालेलं नसतं.

वायरब्रश आणि एमरीने हब घासला, रनआउट ३० वर आला. डिस्क ओळखीच्या लेथवर फेस करून, म्हणजे वरचा थर कापून सपाट करून घेतल्या. दोन्ही बाजू मिळून ०.२ मिमी गेलं, हजार रुपये गेले. पुन्हा पहाटे पैठण रोड. त्याला आता साडेपाच हजार किलोमीटर झाले, थरथर नाही. पुढचे पॅड ११ मिमीचे साडेनऊवर आलेत.

मिस्त्रीकडे परत गेलो तर म्हणाला, "आता समद्यांचे घासतो." गॅरेजमध्ये वायरब्रश मात्र दिसला नाही.

एक तेवढी गोची झालीय. मागे मूळच्याच प्रकारचे पॅड आहेत ना, त्यामुळे आता मागची चाकं काळी आणि पुढची चकचकीत. शेजारचे काका परवा म्हणाले, "पाणी पुढच्याच चाकांपुरतं येतं का रे तुमच्याकडं?"