एडेलमध्ये पायी फिरायला ओएल१ नकाशा: काही महिने वापरल्यावर

आम्ही मँचेस्टरला राहतो, सुट्टी मिळाली की एडेल गाठतो. आता थंडी, चिखल, ऊन सगळ्यात हा नकाशा वापरून झालाय म्हणून सविस्तर लिहितेय. एडेल म्हणजे इंग्लंडमधल्या पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागाच्या दरीतलं छोटं गाव, चर्च, दोन पब, मेंढ्या आणि शांतता. मँचेस्टर-शेफील्ड लाइनवर स्टेशन आहे त्यामुळे गाडी लागत नाही.

ओएस (ऑर्डनन्स सर्व्हे, ब्रिटनची सरकारी नकाशा संस्था) च्या एक्सप्लोरर मालिकेतला हा ओएल१, डार्क पीकचा, म्हणजे पीक डिस्ट्रिक्टच्या उत्तर भागाचा. एक किलोमीटर म्हणजे कागदावर ४ सेंटीमीटर, त्यामुळे शेतांच्या दगडी भिंतीसुद्धा दिसतात आणि मला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो, कारण गोंधळ वर डोंगरात कमी आणि खाली शेतात जास्त होतो, चार भिंती, तीन गेट, कुठून जायचं? हिरवी तुटक रेघ दिसली की बिनधास्त जायचं, जमीन शेतकऱ्याची असली तरी वाट सगळ्यांची, फक्त गेट जसं होतं तसं ठेवायचं. काळ्या तुटक रेघेवर मात्र वाट असते पण जायचा हक्क असेलच असं नाही, हे आधीच नीट बघून घ्या. सह्याद्रीत वाडीतल्या कुणालातरी वाट विचारता येते, इथे तासन् तास माणूस भेटत नाही.

एडेलच्या वरचा किंडर स्काउट डोंगर (६३६ मीटर) नकाशावर फिकट पिवळ्या रंगात आहे, म्हणजे तिथे वाट सोडूनही फिरता येतं. १९३२ मध्ये याच डोंगरावर जायला बंदी होती म्हणून कामगार पोरं शेकड्यांनी चढून गेली आणि काहींना तुरुंगवास झाला. तो पिवळा रंग बघितला की मला दर वेळी ते आठवतं, खरंच फार मोठं काम करून ठेवलंय त्यांनी.

वरचं पठार पीटच्या (कुजलेल्या झाडपाल्याच्या दलदली मातीच्या) काळ्या चिखलाचं, धुकं आलं की सगळीकडे सारखंच दिसतं. नकाशासोबतच्या कोडने तोच नकाशा फोनवर उतरवता येतो, घरूनच डाउनलोड करा, वर रेंजचा भरवसा नाही आणि थंडीत बॅटरी भराभर उतरते. म्हणून कागद आणि होकायंत्र सोबत हवंच. कागदाला प्लास्टिकचं पाकीट घ्या, पाऊस रोजचाच.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी किंडर नको, हॉलिन्स क्रॉस या खिंडीवरून मॅम टॉर ही टेकडी (५१७ मीटर) करा, धारेवर फरसबंद वाट आहे, पुण्याहून आलेले आईबाबा आरामात चालले. वसंतात कोकरं असतात, कुत्रा असेल तर पट्ट्यानेच न्या.