चौदा इंची पेट्रोल कटर: पैसे माझे, पसंती मिस्त्रीची

आमचं काम पेव्हर ब्लॉक बसवायचं. गाळा पुण्यात धायरीत, कामं सिंहगड रस्ता, सहकारनगर, कात्रज अशी. हिशोब आणि खरेदी मी बघते, साइट नवरा बघतो, आणि कटर गेली ११ वर्षं एकाच मिस्त्रीच्या हातात आहे. पहिलं मशीन घेताना मी नेमकं त्यालाच विचारलं नव्हतं.

सीसी भरपूर, किंमत कमी, वर डायमंड ब्लेड फुकट. बिलं फाईल करणाऱ्या बाईला आणखी काय हवं? साडेचार महिने चाललं. एअर फिल्टर म्हणजे स्पंजची एक पातळ चकती. काँक्रीटची पीठासारखी धूळ तिच्यातून आत गेली, पिस्टनवर उभे ओरखडे पडले आणि कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, गेलं. मिस्त्री रोज सकाळी दोरी ओढून ओढून अर्धमेला व्हायचा, आणि मला वाटायचं की हा कामाची टाळाटाळ करतोय. सुटा भाग मागायला गेले तर दुकानदार म्हणाला, "वहिनी, रिपेअर कसलं करताय, नवीनच घ्या."

दुसऱ्या वेळी मिस्त्रीला सोबत नेलं. गोणीत आमचेच दोन ८० मिलिमीटर जाडीचे ब्लॉक आणि कर्बचा, म्हणजे रस्त्याकडेच्या काँक्रीटच्या कठड्याचा, एक तुकडा घेतला. डीलर आधी हसला, मग मागच्या अंगणात जागा करून दिली.

पेट्रोलच का, हे मला अजूनही लोक विचारतात. सात इंची विजेच्या ग्राइंडरची चकती जेमतेम ६० मिलिमीटर आत जाते. ८० चा ब्लॉक उलटून दुसऱ्या बाजूने कापावा लागतो आणि दोन्ही रेघा कधी जुळत नाहीत. चौदा इंची म्हणजे ३५० मिलिमीटरची चकती, तिची त्रिज्या १७५. त्यातून चकती आवळणाऱ्या मधल्या फ्लँजची आणि वरच्या झाकणाची, म्हणजे गार्डची, जागा वजा केली की हातात १२५ मिलिमीटर खोली उरते, म्हणजे ब्लॉक एका दमात कापला जातो. शिवाय फुटपाथवर वीज कुठून आणणार? सोसायटीत वीज असते, पण भार जास्त होऊन एमसीबी (वीज तोडणारा खटका) पडला की अख्खी कमिटी खाली येते.

शेवटी दोन मशीनं उरली. श्टिलचं टीएस ४२०: ६६.७ सीसी, ३.२ किलोवॅट, ब्लेड सोडून ९.६ किलो. हस्कवर्नाचं के ७७०: ताकद ३.७ किलोवॅट, वजन दहाच्या थोडं वर. कागदावर मी दुसऱ्याकडे झुकले होते. मिस्त्रीने दोन्ही टाक्या पूर्ण भरायला लावल्या, ब्लेड चढवलं, पाण्याची नळी जोडली आणि एकेक मशीन घोट्याएवढ्या उंचीवर धरून नुसता उभा राहिला. सुरूसुद्धा केलं नाही. पाच मिनिटांनी म्हणाला, "ताई, आपल्याला दिवसभर जमिनीलगत वाकून कापायचंय. भिंत नाय कापायची." टीएस ४२० घेतलं. रोज आरसीसी कापणाऱ्याने के ७७० आधी बघावं, असं तोच सांगतो. दोन्ही चांगली मशीनं आहेत, कंबर फक्त आमची आहे.

किंमत पहिल्या मशीनच्या चौपटीहून जास्त गेली. आकडा ऐकून नवरा दोन दिवस कमी बोलला.

मला विचाराल तर पैसे फिल्टरचे आहेत. आत येणारी हवा आधी गोल फिरवून जड धूळ बाहेर टाकायची आणि उरलेली कागदी फिल्टरने अडवायची, अशी रचना. पाणी लावून कापलं की धूळ मुळातच बसते. पाणी फुप्फुसासाठीही हवंच. वाळूतली सिलिका आत गेली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. रुमाल बांधून काही होत नाही, चांगला मास्क लागतो. आमच्याकडे दाबाची पाण्याची टाकी आहे. ती भरायची पाळी कोणाची, यावर रोज भांडण होतं, ते वेगळं.

ब्लेडबद्दल मी बरेच पैसे घालवून एक उलटी गोष्ट शिकले. ब्लेडमधले हिऱ्याचे कण धरून ठेवणारा धातू म्हणजे बाँड. तो झिजला की नवे हिरे वर येतात. कडक दगडाला मऊ बाँडचं ब्लेड लागतं आणि डांबर किंवा ताजं काँक्रीट घासून खातं म्हणून त्याला कडक बाँडचं. काळ्या पाषाणाच्या फरशीवर आम्ही डांबराचं ब्लेड चालवलं, तर हिरा आतच राहिला आणि ब्लेड नुसतं तापून गुळगुळीत झालं. मी ते भंगारात टाकायला निघाले होते. मिस्त्रीने जुन्या ग्राइंडिंग चाकात त्याच ब्लेडने चार काप घेऊन त्याची धार उघडली. मधलं भोक मात्र मशीनच्या दांड्याशी जुळलंच पाहिजे, पत्र्याचे तुकडे घालून बसवायचं नाही.

पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल पन्नासास एक, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, कंपनीने सांगितलेलंच. अंदाजाने ओतायचं नाही, म्हणून मी औषधाचं माप दिलंय. पंपावर हल्ली २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. त्यामुळे पावसात काम थांबलं की टाकी रिकामी करून, कार्बोरेटरमधलं संपेपर्यंत इंजिन चालवून मगच मशीन ठेवतो.

बेसमेंटच्या पार्किंगमध्ये हे मशीन चालवायचं नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस कळायच्या आत कोसळतो. तिथे आम्ही अजून विजेचंच वापरतो आणि कमिटीचं ऐकून घेतो.

आवाज कोणत्याही पेट्रोल कटरचा भयंकरच. कापणाऱ्याच्या कानाला आवाज अडवणारे मफ हवेत. शेजाऱ्यांचं काय करायचं ते मला अजून सापडलेलं नाही. सहकारनगरात दुपारी एक आजोबा बाहेर आले. आता ओरडणार म्हणून मिस्त्रीने मशीन बंद केलं. त्यांनी कडेचे राहिलेले ब्लॉक काठीने मोजले, "चौतीस आहेत, साडेतीनपर्यंत उरका" म्हणाले आणि आत गेले. तीन पंचविसाला उरकले.

वर्षातून एखादंच अंगण करणार असाल तर विकत घेऊ नका, भाड्याने आणा. आमचंही लोक मागतात. पूर्वी मला फोन यायचे, आता थेट मिस्त्रीला येतात. तो नाही म्हणत नाही, पण ब्लेड काढून ठेवूनच मशीन देतो.