सोनी एफएक्स३०, मालवणची रात्र आणि चित्रातला नॉइज: वापरानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर हा कॅमेरा घेतला, आणि आता जत्रांचा हंगाम उरकल्यावर लिहायला बसलोय. माझं काम मालवण-वेंगुर्ले पट्ट्यातलं: दशावतार, रापण (किनाऱ्यावरून जाळं ओढून होणारी मासेमारी), लग्नं, अधूनमधून होमस्टेवाल्यांचे व्हिडिओ. म्हणजे अर्धं काम अंधारातलं आणि उरलेलं पाण्याजवळचं. कॅमेऱ्याचं बाकीचं कौतुक सगळीकडे वाचायला मिळतं. इथे फक्त अंधारातला दाणा, म्हणजे नॉइज, आणि चित्रात दिसणारे चौकोन यांबद्दल लिहितो, कारण ओळखीतले शूट करणारे मला सगळ्यात जास्त हेच विचारतात.

आधी एक गोष्ट नक्की करा. जे खटकतंय ते नॉइज आहे की कॉम्प्रेशन, म्हणजे फाइल लहान करताना झालेली पडझड? टाइमलाइनवर २०० टक्के झूम करा आणि बाणाच्या बटणाने एकेक फ्रेम पुढे सरका. दाणा प्रत्येक फ्रेमला जागा बदलत वळवळत असेल तर तो नॉइज. चौकोनी ठिगळं काही फ्रेम एकाच जागी चिकटून राहत असतील आणि मग एकदम सगळी बदलत असतील तर ते कॉम्प्रेशन. संध्याकाळच्या आकाशात रंगाच्या पायऱ्या दिसल्या तर बहुतेक वेळा ८ बिटचं (रंगाच्या कमी छटा साठवणारं) रेकॉर्डिंग किंवा जोरात मारलेला डीनॉइज (एडिटमध्ये दाणा पुसणं). हे न पाहता लोक थेट डीनॉइजची पट्टी ओढतात. चौकोन तसेच राहतात, वर चेहऱ्यावरचा पोत जातो.

नॉइजचं मूळ बहुतेक वेळा उजेडात असतं. एस-लॉग३ (नंतर रंग करण्यासाठीचं फिकट रेकॉर्डिंग) मध्ये या कॅमेऱ्याचे बेस आयएसओ, म्हणजे सेन्सरच्या संवेदनशीलतेचे मूळ आकडे, दोन: ८०० आणि २५००. मधल्या आकड्यांवर थांबू नका. अंधारात २००० ठेवण्यापेक्षा २५०० ला चित्र जास्त स्वच्छ येतं, कारण तिथे सेन्सर दुसऱ्या बेसवर गेलेला असतो. आकडा वाढला की नॉइज वाढणारच, असं मानणाऱ्यांना हे आधी पटत नाही. शेजारी-शेजारी दोन क्लिप घ्या आणि स्वतः बघा.

याची खरी परीक्षा आडदशावतारातल्या (मुख्य नाटकाआधीच्या भागातल्या) संकासुराने घेतली. देवळासमोर दोन हॅलोजन, मागे काळोख, आणि त्यात अंगभर काळ्या पोशाखातला संकासुर. बेस २५००, सिने ईआय मोडमध्ये ईआय (फक्त मॉनिटरवरचा उजेड बदलणारा आकडा) १२५०, शटर १/५०, लेन्स एफ १.४. ईआय निम्मं केलं की मॉनिटरवर चित्र काळं दिसतं, म्हणून आपण अ‍ॅपर्चर किंवा दिवा वाढवतो आणि सेन्सरला एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, उजेड मिळतो. नंतर चित्र खाली ओढलं की सावलीतला दाणाही खाली जातो. मुकुटाची झगमग जळू नये म्हणून झेब्रा (जास्त उजळ भागावर पट्टे दाखवणारी खूण) ९४ वर ठेवा, एस-लॉग३ साधारण तिथेच संपतो, त्यापुढे तपशील उरत नाही. त्या क्लिपमध्ये काळ्या कापडाच्या चुण्या सुट्या-सुट्या दिसतात. मला या कॅमेऱ्यातलं सगळ्यात जास्त आवडलेलं तेच.

आता चौकोन. नारळी पौर्णिमेनंतर रापण सुरू झाली की पहाटे किनाऱ्यावर जातो. निळसर उजेड, दोरी ओढणारी माणसं आणि मागे सतत हलणारं पाणी. लाँग-जीओपी रेकॉर्डिंगमध्ये बहुतेक फ्रेम पूर्ण साठवल्याच जात नाहीत, आधीच्या-नंतरच्या फ्रेमशी असलेला फरक तेवढा साठवला जातो. समुद्रात तर प्रत्येक थेंबच फरक. त्यात नॉइज असेल तर एन्कोडर (व्हिडिओ दाबून साठवणारा भाग) त्यालाही बारीक तपशीलच समजतो, बिट त्यावर खर्च होतात आणि फेसाचे चौकोन होतात. म्हणजे उजेड कमी पडला की कॉम्प्रेशनही बिघडतं. ४के २५ फ्रेमला लाँग-जीओपी १४० एमबीपीएसचं १० बिट ४:२:२ आहे आणि ऑल-इंट्रा (प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवणारं) २५० एमबीपीएसचं. पहिलं तासाला साधारण ६३ जीबी खातं, दुसरं ११२. ट्रायपॉडवरच्या दशावताराला पहिलं पुरतं. लाटा, पाऊस, वाऱ्यातल्या माडाच्या झावळ्या असतील तर मी दुसरंच लावतो, कार्डाचा खर्च सोसतो.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी आणखी एक बघा. खाऱ्या वाऱ्याने पुढच्या फिल्टरवर बारीक थर बसतो. डोळ्याला तो जाणवत नाही, पण हॅलोजन समोर आला की अख्खं चित्र दुधाळ होतं. मग आपण एडिटमध्ये कॉन्ट्रास्ट ताणतो आणि त्याबरोबर नॉइजही वर येतो. आधी ब्लोअर, मग ओलसर कापड, मगच सुकं. कोरडं घासलं तर मीठ काचेवर ओरखडे काढतं. सेन्सर तापला तरी दाणा वाढतो. आत पंखा आहे, तरी मे महिन्यात कॅमेरा वाळूवर उन्हात ठेवू नका.

सगळं करूनही जे उरतं ते दाविंची रिझॉल्व्ह स्टुडिओ या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये काढतो. टेम्पोरल (शेजारच्या फ्रेम जुळवून) आणि स्पेशल (spatial, एकाच फ्रेममधलं) नॉइज रिडक्शन दोन्ही फक्त पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीत आहेत, फुकटच्या नाही. डीनॉइज पहिल्याच नोडला (पायरीला), रंग आणि शार्पनिंगच्या आधी. टेम्पोरल दोन-तीन फ्रेम, थ्रेशोल्ड कमी, ल्यूमापेक्षा (उजेडाचा दाणा) क्रोमा (रंगाचा दाणा) जास्त. अंधारात डोळ्याला जास्त टोचतात ते जांभळे-हिरवे ठिपके, करडा दाणा चालून जातो. लाटांवर टेम्पोरल जास्त केलं तर फेसाला शेपट्या फुटतात, तिथे थोडं स्पेशल वापरा. शेवटी किंचित ग्रेन परत घाला, आकाशातल्या पायऱ्या झाकल्या जातात.

गिऱ्हाईक म्हणतं, "फोनवर फुटतंय." बहुतेक वेळा ती फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून आलेली असते. तीच डॉक्युमेंट म्हणून पाठवली की तक्रार थांबते. यूट्यूबवर १०८०पीचं कामही मी ४केला वाढवून चढवतो, तिथे मोठ्या रिझोल्यूशनला चांगला कोडेक (व्हिडिओ दाबायची पद्धत) मिळतो.

घेणाऱ्यांनी एनडी (उजेड कमी करणाऱ्या काळ्या काचेच्या) फिल्टरचे पैसे आधीच बाजूला ठेवावेत, कारण कॅमेऱ्यात आत एनडी नाही. दुपारच्या मालवणच्या चिवला किनाऱ्याच्या वाळूवर आयएसओ ८०० आणि शटर १/५० ठेवायचं तर एफ २२ नेही भागत नाही, आणि तेवढं बंद केलेलं अ‍ॅपर्चर चित्र मऊ करतं. मी ६ स्टॉपचा फिक्स एनडी लावतो. स्वस्त व्हेरिएबल एनडी टोकापर्यंत फिरवला की चित्रावर काळी फुली उमटते, आणि ती कुठल्याच डीनॉइजने जात नाही.