तान्ह्या पोळ्याची रीळ: सुपर-८ कॅमेरा घेताना झालेली फसवणूक

जुन्या सुपर-८ कॅमेऱ्याच्या, म्हणजे ८ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर सिनेमा उतरवणाऱ्या कॅमेऱ्याच्या, जाहिरातीत 'मशीन चालू आहे' असं लिहिलेलं असतं आणि सोबत दहा सेकंदांचा व्हिडिओ असतो. ट्रिगर दाबला, घर्रर्र आवाज आला, संपलं. या आवाजावर पैसे देऊ नका. मोटार फिरते एवढंच त्यातून कळतं. फिल्म पुढे सरकते का, तिच्यावर नेमका प्रकाश पडतो का, आणि ती फिल्म आज कुठे धुऊन मिळते का, या तिन्हींचं उत्तर त्या आवाजात नसतं.

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी लग्नाचं शूटिंग करणाऱ्या पोराने असाच सेट फोनवरून घेतला. 'जुना लूक' मागणारी गिऱ्हाइकं आता तिथेही येतात. कॅमेरा, चार 'सीलपॅक कोडाक्रोम', म्हणजे कोडॅकच्या रंगीत फिल्मच्या डब्या, आणि त्यातली एक डबी धुऊन, स्कॅन करून देण्याची बोली, सगळं मिळून साडेबावीस हजार. "भाऊ, मशीन टनाटन आहे. तुमी फक्त ट्रिगर दाबा, बाकीचं आपल्याकडे लागलं." कॅमेरा विकणारा आणि लॅबवाला एकच माणूस, एकच नंबर. तो सेट नंतर मी टेबलावर खोलून पाहिला. त्यात जे निघालं ते पुढच्या माणसाच्या कामी यावं म्हणून हे लिहिणं.

आधी डब्या, कारण खरा पैसा तिथेच बुडतो. चारपैकी तीन कोडाक्रोम ४० होत्या. खोक्याच्या बाजूला 'या तारखेआधी धुवा' असं छापलेलं असतं, त्या जागेवर किमतीचं स्टिकर चिकटवलेलं होतं. स्टिकर कोमट पाण्याच्या बोळ्याने सोडवलं तर खाली १९९१. मुळात तारीख बघायचीही गरज नव्हती. सुपर-८ मधली कोडाक्रोम ४० कोडॅकने २००५ मध्येच बंद केली आणि कोडाक्रोमचं उत्पादन २००९ मध्ये पूर्ण थांबलं. 'नवी कोडाक्रोम' हे शब्द जाहिरातीत दिसले की फोन ठेवून द्यायचा.

ती जुनी आहे हा लहान दोष. मोठा दोष असा की ती रंगीत धुताच येत नाही. एक्टाक्रोमसारख्या फिल्ममध्ये रंग तयार करणारं द्रव्य, म्हणजे कपलर, फिल्मच्या थरांतच बसवलेलं असतं. ई-६ नावाच्या धुण्याच्या प्रक्रियेतल्या रसायनांनी ते जागं होतं. कोडाक्रोममध्ये कपलर नसतात. ते धुताना, एकेका थरासाठी वेगळ्या डेव्हलपरमधून द्यावे लागतात. या प्रक्रियेचं नाव के-१४. ती करणारी शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावात होती आणि तिने ३० डिसेंबर २०१० नंतर रोल घेणं बंद केलं. आज कोडाक्रोम फक्त कृष्णधवल धुता येते, तीही इतक्या वर्षांच्या फिल्मवर धुरकट. कोणी ती ई-६ मध्ये टाकली तर रंग तयार होत नाहीत, चांदी ब्लीच आणि फिक्सरमध्ये निघून जाते आणि हाती काचेसारखी कोरी पट्टी येते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तीनपैकी एका डबीची चंदेरी पिशवी कडेने ब्लेडने कापून पुन्हा चिकटवलेली होती. बोटाने चाचपलं तर कळतं: कारखान्यातलं सील सपाट आणि एकसारख्या रेघांचं असतं, गोंदाची कड जाड आणि वेडीवाकडी. आत डबीच्या खिडकीत दिसणाऱ्या फिल्मवर 'एक्स्पोज्ड' असं छापलेलं. हा 'एक्स्पोज्ड' शब्द कोडॅक कंपनी फिल्मच्या शेवटच्या टोकावर छापते, म्हणजे ती डबी कोणीतरी कधीच वापरून संपवली होती. सुपर-८ची फिल्म डबीत उलटी गुंडाळत नाही, त्यामुळे ही खूण लपवणं विकणाऱ्यालाही जमत नाही. म्हणून तर पिशवी चिकटवायची!

चौथी डबी सुपर-८ नव्हतीच. ती फुजीची सिंगल-८. दोन्ही १९६५ मध्ये निघाल्या, फिल्मची रुंदी आणि छिद्रं सारखीच, पण डबी वेगळी. सुपर-८च्या डबीत दोन्ही गुंडाळ्या शेजारी शेजारी, एकाच अक्षावर बसतात म्हणून डबी चौकोनी आणि जाड. सिंगल-८ मध्ये गुंडाळ्या एकावर एक, म्हणून डबी उभी, पातळ. एकीच्या कॅमेऱ्यात दुसरी बसत नाही. फोटोत खोक्यावर '८' दिसतो, माणूस फसतो. असाच घोळ रेग्युलर-८चा. ती १९३२ची जुनी पद्धत: २५ फुटांचं १६ मिलिमीटर रुंदीचं स्पूल कॅमेऱ्यातून दोनदा फिरवायचं आणि धुतल्यावर मधोमध चिरायचं. तिच्या बहुतेक कॅमेऱ्यांत डबीची जागाच नसते, स्पूलचे दोन खुंट असतात.

आज सुपर-८साठी नवी म्हणून मागायची तर एक्टाक्रोम १००डी ई-६साठी, ट्राय-एक्स कृष्णधवल रिव्हर्सलसाठी (धुतल्यावर निगेटिव्ह नाही, थेट सरळ चित्र), आणि व्हिजन३ ची ५०डी, २००टी, ५००टी निगेटिव्ह, ईसीएन-२ या निगेटिव्ह धुण्याच्या प्रक्रियेसाठी. खोक्यावरचा आकडा ७२९४, ७२६६, ७२०३, ७२१३ किंवा ७२१९ यांपैकी आहे का ते विकणाऱ्याला फोटो काढून पाठवायला सांगा. आणि लॅबला आधी विचारा: तुम्ही यातली कोणती प्रक्रिया करता? 'सगळं करतो' हे उत्तर आलं तर त्यांनी प्रश्नच ऐकलेला नाही.

आता लॅब. पोराने एक कोडाक्रोम तान्ह्या पोळ्याला वापरली. लाकडी बैलांच्या जोड्या घेऊन निघालेली लेकरं, आभाळ भरलेलं, वेळ संध्याकाळी साडेपाचची. डबी कुरिअरने पाठवली. लॅबवाल्याने 'रंग जुळवायला' त्याच कार्यक्रमाचं मोबाईलवरचं शूटिंगही मागवलं. पोराने तेही दिलं. बारा दिवसांनी ४के म्हणून फाइल आली: दाणेदार, पिवळसर, ओरखडे, मागे प्रोजेक्टरची टकटक. घरचे खूश.

ती फाइल त्याच मोबाईल शूटिंगवर जुन्या फिल्मचा मुलामा चढवून बनवली होती. कसं कळलं ते सविस्तर सांगतो, कारण ही चोरी घरी बसून पकडता येते.

पहिली गोष्ट वेळ. सुपर-८च्या डबीत ५० फूट फिल्म असते, फुटाला ७२ फ्रेम, एकूण ३,६०० फ्रेम. सेकंदाला १८ फ्रेमने ३ मिनिटं २० सेकंद, २४ने अडीच मिनिटं. आलेली फाइल ४ मिनिटं १२ सेकंदांची होती. एका डबीला तेवढं पुरायचं तर सेकंदाला १४ फ्रेम दाखवावी लागतील आणि लेकरं पाण्यात चालल्यासारखी दिसतील. फाइलमध्ये ती चांगली पळत होती. दुसरी गोष्ट आकार. सुपर-८ची चौकट साधारण ४:३. ही मोबाईलसारखी १६:९, आणि कुठलाही भाग कापल्याचं लक्षण नाही. तिसरी गोष्ट ओरखडा. खऱ्या फिल्मवर धूळ दर फ्रेमला वेगळी असते, गेटमध्ये, म्हणजे लेन्समागे फिल्म जिथे प्रकाशासमोर येते त्या चौकटीत, केस अडकला तर तो कडेला एकाच जागी बराच वेळ थरथरत राहतो. इथे एक आडवा पांढरा ठिपका दर पाच सेकंदांनी त्याच कोपऱ्यात, त्याच आकारात परत येत होता. कारण मुलाम्याची क्लिप पाच सेकंदांची आणि ती फिरून फिरून लावलेली. चौथी गोष्ट तर हसू आणणारी. चौकटीच्या दोन्ही कडांना छिद्रं दाखवली होती. सुपर-८ला छिद्र एकाच बाजूला असतं, दर फ्रेमला एक, चौकटीच्या उंचीच्या मध्यावर. रेग्युलर-८लाही एकाच बाजूला, पण दोन फ्रेमच्या मधल्या रेषेवर. दोन्हीकडे छिद्रं म्हणजे मोठ्या फिल्मचं चित्र कुठूनतरी उचललेलं.

म्हणून स्कॅन घेताना ओव्हरस्कॅन मागायचा, म्हणजे छिद्र आणि फ्रेमची कड दोन्ही दिसतात. धुतलेली रीळ परत मिळेल हे आधी लेखी घ्यायचं. आणि मोबाईलचं शूटिंग कोणालाही द्यायचं नाही. रंग जुळवायला कुठल्याच लॅबला ते लागत नाही.

रीळ परत मागितल्यावर टाळाटाळ झाली. शेवटी पाकिटातून पट्टी आली, ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोरी, पारदर्शक. खुलासा असा: "तुमचं एक्सपोजर जास्त झालं, आमचा काय दोष?" मग चित्र कुठून आलं, याला उत्तर नव्हतं. पण खुलासाही खोटाच होता, आणि पट्टी हातात घेऊन ते दाखवता येतं. रिव्हर्सल फिल्ममध्ये जिथे प्रकाश पडला नाही ती जागा काळी राहते. एक्सपोजर कितीही जास्त झालं तरी प्रकाश फक्त चौकटीत पडतो. चौकटीबाहेरची, छिद्रांजवळची कड काळीच यायला हवी. इथे तीही कोरी. म्हणजे एकतर फिल्म उघडी पडली, नाहीतर ती चुकीच्या रसायनात टाकली. वरून, कोडाक्रोम ४० दिवसा केशरी फिल्टर लावून एएसए २५ होते (एएसए म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील त्याचं माप). भरल्या आभाळात साडेपाचला एवढ्या मंद फिल्मवर चुकलं तर चित्र काळवंडतं, पांढरं पडत नाही.

तिसरा पुरावा कॅमेऱ्यातच होता.

डबीचा दरवाजा उघडून आत पाहिलं तर डबीला फिरवणारी चकती मोटार चालू असताना स्थिर. गेटमधलं फिल्म ओढणारं नख खालीवर होत होतं, शटरही फिरत होतं, त्यामुळे आवाज अगदी निरोगी. पण चकती फिरली नाही की ओढलेली फिल्म गुंडाळली जात नाही, गेटच्या खालीच कोंबली जाते आणि काही फुटांत अडकते. या कॅमेऱ्यात फुटांचा काटा मोटारीवर चालतो, फिल्मवर नाही, म्हणून तो मजेत ५० पर्यंत गेला. फिल्मचा बराचसा भाग गेटसमोर आलाच नव्हता, तरी सगळी पट्टी कोरी!

चकती तपासायची ती अशी: ट्रिगर दाबून ठेवा, बोटाच्या टोकाने चकतीला हलकेच अडवा. ती थांबली पाहिजे, मोटारीचा सूर फारसा बदलायला नको, बोट काढताच पुन्हा फिरली पाहिजे. अजिबात अडत नसेल तर आतला क्लच घट्ट झालाय आणि फिल्म ओढून फाडेल. फिरतच नसेल तर पट्टा किंवा गिअर गेला. जुने रबरी पट्टे तर चिकट काकवीसारखे होतात, ते उघडल्यावर बोटालाच कळतं.

प्रकाशाचं मीटर वेगळं. अनेक जुन्या कॅमेऱ्यांत मोटार पेन्सिल सेलवर आणि मीटर दोन बटण सेलवर चालतं. ते बटण सेल पूर्वी पाऱ्याचे, १.३५ व्होल्टचे असत. आता ६२५ नंबरचा अल्कलाइन सेल तिथे बसतो, पण तो १.५ व्होल्ट देतो आणि सेल उतरेल तसं मीटरचं माप बदलत जातं. कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल १.४च्या आसपास स्थिर राहतो. तो आकाराने लहान, म्हणून भोवती रबरी रिंग घालायची. टॅब काढला की तो काही आठवड्यांत संपतो, उन्हाळ्यात आणखी लवकर. मीटर जिवंत आहे का ते पाहायचं तर व्ह्यूफाइंडरमधून खिडकीकडे आणि मग कोनाड्याकडे बघा, काटा हलला पाहिजे. सेलच्या खोबणीत हिरवट-पांढरा क्षार दिसला तर व्हिनेगरच्या बोळ्याने जातो, पण तो तारेत शिरला असेल तर नाही. लेन्समधून टॉर्च मारून बुरशीचं जाळं बघायला विसरू नका.

ताजी फिल्म घेतलीत तर टिनाच्या छपराखाली किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि कोडॅक न वापरलेली फिल्म १३ अंशांच्या खाली ठेवायला सांगतं. फ्रिजमध्ये ठेवा, उघडण्याआधी काही तास पिशवीसकट बाहेर काढून ठेवा, नाहीतर फिल्मला दव धरतं.

पैशांचं म्हणाल तर रक्कम एका माणसाच्या खात्यावर यूपीआयने गेली होती. तक्रार आठव्या दिवशी झाली, तोवर खातं रिकामं. सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० आहे. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक घेऊन त्याच दिवशी फोन करायचा, पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवता येतं. ग्राहक हेल्पलाइन १९१५. पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट ठेवा. 'सीलपॅक' हा शब्द त्यात असेल तर उत्तम.

उरलेली एक न वापरलेली कोडाक्रोम शूटिंगला निकामी आहे, पण कॅमेरा तपासायला तिच्याइतकी चांगली डबी नाही. खिडकीतल्या फिल्मवर मार्करने फुली मारायची, डबी बसवायची, दोन सेकंद ट्रिगर दाबायचा आणि काढून बघायचं. फुली गेली असेल तर फिल्म सरकते. मग १८च्या गतीवर घड्याळ लावून २० सेकंद चालवायची: ३६० फ्रेम, म्हणजे बरोबर पाच फूट. काटा पाचावर आला नाही तर गती चुकलेली. तीच डबी सध्या आर्वी, देवळी, हिंगणघाटकडे हातोहात फिरते आहे, आणि तिच्यावर फुल्या मारायला आता फारशी जागा उरलेली नाही.