सह्या लिंकवर घ्यायच्या की दारोदार फिरून? नाल्याच्या भिंतीसाठी आम्ही दोन्ही करून पाहिलं

शेजारच्या ले-आउटमधली तीन मंडळी परवा घरी आली होती. त्यांच्याकडे बगिच्यासाठी राखलेल्या मोकळ्या जागेवर बांधकामाचा मलबा पडायला लागला आहे. सह्यांची मोहीम काढायची हे त्यांचं ठरलं आहे, अडलं आहे ते पद्धतीवर. लिंक बनवून व्हॉट्सॲपवर सोडायची की कागद घेऊन घरोघरी जायचं? आमच्या वस्तीने दोन्ही केलं आहे, म्हणून ते माझ्याकडे आले. चहा होईस्तोवर जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, राहिलेलं इथे लिहितो.

आमचा प्रश्न नाल्याच्या संरक्षक भिंतीचा होता. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्यात गेल्या. बातम्यांत अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट ही नावं आली. आमची वस्ती खूप खाली, नदीला मिळणाऱ्या एका नाल्याच्या काठावर. आमचं नाव कुठे आलं नाही, पण भिंत पडली आणि पाणी घरात शिरलं. नगरसेवकाकडे जावं तर तेव्हा नगरसेवकच नव्हते. मनपाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली होती आणि कारभार प्रशासकाकडे होता. म्हणजे जे काही सांगायचं ते थेट कार्यालयाला.

पहिल्यांदा ऑनलाइन याचिका केली. माझ्या पुतण्याने एका संध्याकाळी बसून सगळं लिहिलं, पडलेल्या भिंतीचा फोटो लावला आणि रात्री नऊला लिंक ग्रुपवर टाकली. सकाळी चारशे सह्या. नऊ दिवसांत तेराशेच्या वर. पुणे, बंगळुरू, थेट अमेरिका. वस्तीतली शिकून बाहेर गेलेली पोरं, त्यांचे मित्र, मित्रांचे मित्र. खाली लिहिलेले चार-चार ओळींचे निरोप वाचताना खरोखर भरून आलं. पहाटे पाण्यात उभं राहिलेल्या माणसाला कोणीतरी लांबून विचारपूस करतं याचं मोल मी कमी लेखणार नाही. एक कटकट मात्र रोजची होती. सही झाली की ते संकेतस्थळ लगेच पैसे मागायचं, याचिका आणखी लोकांपर्यंत पोचवायला म्हणून. वस्तीतल्या दोन काकांना वाटलं की पैसे आम्हीच गोळा करतोय. त्यांची समजूत काढण्यात एक संध्याकाळ गेली.

मग यादीची प्रिंट काढली, वर अर्ज लावला आणि आम्ही चौघे संबंधित कार्यालयात गेलो. समोरचे अभियंता सभ्य माणूस होते. बसवलं, पानं उलटली आणि विचारलं, "काका, यातली तुमच्या वस्तीतली घरं किती?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. यादीत नाव होतं आणि गाव होतं. कित्येकांच्या पुढे तर नुसतं 'भारत'. ओळखीची साठ-सत्तर नावं मी बोटाने दाखवली असती, पण प्लॉट नंबर एकाचाही नव्हता. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, "पाणी कोणाकोणाच्या घरात शिरलं?" त्यालाही उत्तर नव्हतं. मला त्या माणसाचा राग आला नाही, प्रश्न रास्तच होते. भिंत कुठून कुठपर्यंत बांधायची हे ठरवायला त्याला घरं लागत होती आणि मी त्याच्यापुढे तेराशे माणसांची सहानुभूती ठेवली होती. परत येताना बर्डीपर्यंत आम्ही कोणीच बोललो नाही. माझ्यापुरता कौल तिथेच लागला. ऑनलाइन सही करणारा कुठे राहतो हे तुम्हाला कळत नाही, आणि स्थानिक प्रश्नात पहिली विचारणा तीच होते.

दिवाळीनंतर कागद काढले. रेघा आखलेले फुलस्केप ताव आणि त्यावर रकाने: अनुक्रमांक, नाव, प्लॉट नंबर, सही किंवा अंगठा. मोबाइल नंबरचा रकाना पहिल्याच गल्लीत काढून टाकला, कारण नंबर द्यायला लोक कचरतात आणि मग सहीही राहते. एक रकाना मात्र त्या अभियंत्याच्या प्रश्नामुळे वाढवला: 'पाणी कुठवर चढलं'.

तीन रविवार फिरलो. जोडीने जायचं, एक बाई आणि एक पुरुष, म्हणजे दार पटकन उघडतं. त्या शेवटच्या रकान्यात लोकांनी जे लिहिलं ते कोणत्याच संकेतस्थळाला सुचलं नसतं. 'टोंगळ्यापर्यंत.' 'ओट्याच्या दुसऱ्या पायरीवर.' 'गॅसची शेगडी बुडाली.' नाल्याला लागून असलेल्या शेवटच्या घरातल्या आजींनी मला हात धरून आत नेलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचा खिळा दाखवला. सप्टेंबरचं पान तसंच होतं, खालचा अर्धा भाग चिखलाने तपकिरी होऊन कडक झालेला. "हे पान म्या फाडलं नाही," त्या म्हणाल्या, "कोणी पाहाले आलं तर दाखवाव म्हटलं." मग शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला आणि पदराला पुसला. रकान्यात मी लिहिलं: 'जमिनीपासून तीन फूट, खूण भिंतीवर आहे'.

कागदाचे तोटेही सांगायला हवेत. वेळ लागतो, पाय दुखतात. "तुम्ही कोणत्या पार्टीचे?" हा प्रश्न दर पाचव्या दारात येतो आणि दर वेळी शांतपणे उत्तर द्यावं लागतं. भाडेकरू म्हणतात मालकाला विचारा, मालक राहतो दुसऱ्या टोकाला. एक ताव एका गृहस्थांनी भावाची सही आणतो म्हणून ठेवून घेतला, तो पंधरा दिवस परत आला नाही. तेव्हा ताव कोणाकडे सोडू नका, सही समोर घ्या आणि पुढे चला. शेवटी सह्या झाल्या 184 घरांच्या. तेराशेपुढे आकडा लहान दिसतो, पण एकूणएक घर त्या नाल्याच्या पाण्याच्या टप्प्यातलं होतं.

तावांबद्दल एक बारीक गोष्ट. मागणीचा मजकूर फक्त पहिल्या पानावर लिहून बाकीच्या पानांवर नुसत्या सह्या घेऊ नका. प्रत्येक तावाच्या डोक्यावर मागणी पुन्हा लिहा. लोकसभेत दाखल करायच्या याचिकेलाही हाच नियम आहे: सह्या एकापेक्षा जास्त पानांवर असतील तर मागणी प्रत्येक पानावर हवी, प्रत्येकाचं पूर्ण नाव-पत्ता हवा आणि लिहिता न येणाऱ्याचा अंगठा चालतो. मागणी मराठीत लिहायला संकोच करू नका, दिल्लीला पाठवायची असली तरी. राज्यघटनेच्या कलम 350 प्रमाणे केंद्रातल्या किंवा राज्यातल्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं मांडताना तिथे वापरात असलेली कोणतीही भाषा चालते.

निवेदन दोन प्रतींत नेलं. एक आवक टेबलावर दिली, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला. ही पोच म्हणजे पुढच्या सगळ्या कामाची दोरी. दोन महिने हालचाल दिसली नाही तेव्हा आम्ही माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला: अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या निवेदनावर काय कार्यवाही झाली, टिपणीची प्रत द्यावी. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, उत्तराला तीस दिवस. आवक क्रमांक असला की "असं काही आमच्याकडे आलंच नाही" हे उत्तर बंद होतं. लिंकवरची याचिका ईमेलने पोचते म्हणतात, पोचत असेलही, पण माहिती अधिकाराच्या अर्जात तिचा उल्लेख नेमका कसा करायचा हे मला जमलं नाही.

त्या अर्जानंतर एक कनिष्ठ अभियंता आले, हातात आमच्याच तावांची झेरॉक्स. प्लॉट नंबर पाहून थांबत होते, टेप लावत होते. आजींच्या घरात गेले, खिळ्यापासून जमिनीपर्यंत मोजलं आणि पेनाने रकान्यात आकडा लिहिला. 2024 च्या पावसाळ्याआधी निम्मी भिंत उभी राहिली, उरलेली मंजुरीत आहे. हे केवळ कागदामुळे झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. त्या वर्षी सगळ्या शहराचं लक्ष नाल्यांकडे होतं आणि पुराबद्दलची जनहित याचिका नागपूर खंडपीठापुढे होती. पण भिंत कुठल्या टोकापासून सुरू झाली, ते मात्र आमच्या तावांवरून ठरलं असं मला वाटतं. सर्वात खोल पाणी जिथे लिहिलं होतं, तिथूनच.

मग लिंक बिनकामाची का? नाही. प्रश्न देशाचा असेल, कायद्याचा किंवा धोरणाचा असेल, तर दारोदार फिरून कुठे पुरे पडणार? 2015 मध्ये इंटरनेट सर्वांना सारखं मिळावं म्हणून 'ट्राय'कडे, म्हणजे केंद्राच्या दूरसंचार नियामकाकडे, दहा लाखांच्या आसपास ईमेल गेले आणि फेब्रुवारी 2016 मध्ये 'ट्राय'ने वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी डेटाचे वेगवेगळे दर लावायला बंदी केली. पण तिथे एक फरक होता. 'ट्राय'ने स्वतःच मतं मागवली होती, पत्ता दिला होता, मुदत दिली होती. आलेलं मत नोंदवणं त्यांना भाग होतं. मसुदा निघाला आहे आणि हरकती-सूचना मागवल्या आहेत, असं असेल तर ऑनलाइन जा, मुदतीत जा. खासगी संकेतस्थळावरच्या याचिकेचं तसं नाही. ब्रिटनच्या संसदेच्या संकेतस्थळावर दहा हजार सह्या झाल्या की सरकार उत्तर देतं, एक लाखावर चर्चेसाठी विचार होतो. आपल्याकडे ठरावीक आकडा गाठला म्हणून सरकारने उत्तर द्यावं असं बंधन नाही. लाख सह्यांनंतरही समोर कोणी ऐकायला बसलेलं असेलच असं नाही.

शहरातल्या शहरातही लिंक एका कामाला फार चांगली, ते म्हणजे माणसं जमवायला. 2021 मध्ये अजनीत नव्या स्थानकाच्या प्रकल्पासाठी झाडं तोडण्याचा प्रश्न पेटला तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाच्या लोकांना तो मोबाइलवरूनच कळला. पुढे लढाई गेली ती न्यायालयात, आणि तिथे लागतं ते मोजक्या नावांचं प्रतिज्ञापत्र.

बाकीच्या वाटा थोडक्यात. राज्याचं 'आपले सरकार' आणि केंद्राचं तक्रार पोर्टल एकट्याच्या तक्रारीला ठीक, 21 दिवसांची मुदत असते, घरबसल्या होतं. महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिनही वैयक्तिक तक्रारींसाठीच, सामूहिक निवेदन तिथे बसत नाही, पण वस्तीतल्या एखाद्याने स्वतःच्या घराच्या नुकसानीपुरता अर्ज द्यायला हरकत नाही. हिवाळी अधिवेशनात आमदार गावातच असतात, तेव्हा निवेदनाची प्रत हातात द्यावी. आम्ही डिसेंबर 2023 मध्ये दिली. मोर्चाचा विचार मात्र आमच्या वस्तीत कोणी मांडला नाही. 23 नोव्हेंबर 1994 ला याच शहरात आपली मागणी घेऊन आलेल्या 114 गोवारी बांधवांचा चेंगराचेंगरीत जीव गेला. लेकराबाळांना घेऊन गर्दीत उतरण्याआधी माझं मन अजून थांबतं.

निवेदनाआधीचंही एक काम आहे, पद्धत कोणतीही असो. जागा कोणाची ते आधी शोधा. नागपुरात मनपा आहे, नासुप्र म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास आहे, सार्वजनिक बांधकाम आहे, महामार्ग प्राधिकरण आहे, आणि रेल्वेचे तर दोन वेगळे विभाग. चुकीच्या दारात दिलेलं निवेदन 'वर्ग' होत फिरत राहतं आणि तोवर पाऊस येतो. त्या तिघांना मी हेच आधी करायला सांगितलं: बगिच्याची ती जागा मंजूर नकाशात कशासाठी राखलेली आहे आणि सध्या कोणाच्या ताब्यात आहे, एवढंच विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज. दहा रुपयांत दिशा मिळते.

त्यांच्यातल्या तरुण मुलाचा ओढा अजून लिंककडेच आहे, आणि त्याने ती जरूर काढावी. मलब्याच्या फोटोला लोक प्रतिसाद देतील, एखादा पत्रकारही पाहील. पण कार्यालयात जाताना हातात तावच असू द्या, आणि त्यावर तुमचा एखादा रकाना असू द्या: मुलं आधी कुठे खेळायची, आता कुठे खेळतात.

जाताना त्यांनी माझ्याकडचे उरलेले रेघांचे ताव नेले आणि शाईचं पॅडही मागून घेतलं. तेवढं मात्र महिनाभरात परत आणा म्हटलं. भिंतीच्या उरलेल्या निम्म्या भागासाठी स्मरणपत्र द्यायचं आहे, आणि आजींचा अंगठा त्यावर पहिला हवा.