फ्रोजन स्वीट कॉर्न: मेक्सिकन पास्ता सॅलडला चालतं का?

चालतं, पण पाकीट फोडून थेट तव्यावर टाकलं तर नाही. दाण्यांवरचा बर्फ वितळून पाणी सुटतं, मका भाजण्याऐवजी वाफवला जातो आणि एस्कितेसचा, म्हणजे हे सॅलड ज्यावर बेतलंय त्या मेक्सिकोतल्या लिंबू-तिखट-चीज घातलेल्या मक्याचा, तो करपट-गोड स्वाद येतच नाही. दाणे चाळणीत वितळवून फडक्यावर कोरडे करा आणि तापलेल्या लोखंडी तव्यावर तेलाशिवाय 5-6 मिनिटं भाजा. आधी उकडू नका. कारखान्यात ते उकळत्या पाण्यातून किंवा वाफेतून काढलेले असतात.

250 ग्रॅम पास्त्याला 300 ग्रॅम मका, 100 ग्रॅम मेयोनीज, तेवढाच चक्का, दोन लिंबं, चमचाभर तिखट, कोथिंबीर. कोतिहा या खारट, भुसभुशीत मेक्सिकन चीजऐवजी खारट केलेलं, कुस्करलेलं पनीर. चव तंतोतंत नाही, पण भागतं. पास्ता मिनिटभर जास्त शिजवा, गार झाल्यावर तो कडक होतो. अर्धं ड्रेसिंग वाढताना घाला, नाहीतर सगळं पास्ताच पिऊन टाकतो.

नाशिकच्या मे महिन्यात गच्चीवर पंगत असेल तर पातेलं बर्फाच्या परातीत ठेवा; तासाभरापेक्षा जास्त बाहेर नको. पावसाळ्यात ताजी कणसं मिळाली की पाकीट विसरा. फ्रोजन मक्याला उन्हाळ्यापुरते पाचपैकी साडेतीन गुण.