अर्ध्या टनी पिकअपमागे 24 फुटी ट्रेलर: काही महिन्यांच्या वापरानंतर

अमेरिकेत कॅम्पिंगचा ट्रेलर ओढायला पिकअप बघायला गेलं की विक्रेता आधी ओढण्याची क्षमता सांगतो: 11 हजार पाउंड, 13 हजार पाउंड. तो आकडा तूर्तास बाजूला ठेवा. ड्रायव्हरचं दार उघडा आणि चौकटीवर टायरच्या दाबाचं जे स्टिकर असतं ते वाचा. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते त्यावर छापलेलं असतं. हा पेलोड. अर्ध्या टनी ट्रकचं (हे मोठ्या पिकअपमधल्या सगळ्यात हलक्या वर्गाचं नाव, खरं वजन नव्हे) इंजिन सहसा कमी पडत नाही, पेलोड संपतो.

आमच्याकडे फोर्ड एफ-150 आहे: 3.5 लिटर टर्बो पेट्रोल, 10 गिअरचा ऑटोमॅटिक, पेलोड 1,560 पाउंड. ट्रेलरची भरल्यावरची कमाल मर्यादा 6,800 पाउंड, म्हणजे सुमारे 3,080 किलो. ट्रेलरच्या वजनाचा 10 ते 15 टक्के भार हिचच्या (ट्रक-ट्रेलर जोडणाऱ्या कडीच्या) बॉलवर येतो आणि तो पेलोडमधून वजा होतो. 13 टक्के धरले तर 884 पाउंड. वजन वाटून देणारी हिच (तिचे बार ताणले की बॉलवरचा काही भार पुढच्या चाकांकडे जातो) 85. उरले 591. चालक धरून चौघांचं कुटुंब 520 पाउंडांचं असेल तर शिल्लक राहते 71. उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले आणि तेही ट्रकमध्ये बसले, की मर्यादा ओलांडलीच. कुकर, मिक्सर, तांदळाची पिशवी यांचा हिशेब अजून बाकीच आहे.

जाहिरातीतला आकडा खोटा नसतो. तो एसएई जे2807 या ओढण्याची क्षमता मोजायच्या मानकानुसार काढलेला असतो, पण त्यात ट्रकमध्ये 150-150 पाउंडांची दोनच माणसं आणि बॉलवर 10 टक्केच भार धरलेला असतो. शिवाय एकाच मॉडेलमध्ये काचेचं छत, फोर बाय फोर, मोटरच्या सीटा अशी भर पडली की पेलोड दोनशे-चारशे पाउंडांनी सहज उतरतो. म्हणून संकेतस्थळावरचा आकडा पुरत नाही. जो ट्रक घेणार त्याचंच स्टिकर बघा.

पेलोड वाचवायला काही जण सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला सरकवतात. हे कृपा करून करू नका. बॉलवरचा भार 10 टक्क्यांच्या खाली गेला की ट्रेलर शेपूट हलवू लागतो, आणि शेजारून मोठा ट्रक गेला की तो झोल आवरणं अवघड होतं. पाण्याची टाकीही तपासा. 40 गॅलन पाणी म्हणजे सुमारे 334 पाउंड. टाकी अ‍ॅक्सलच्या पुढे असेल तर ती भरल्यावर बॉलवरचा भार वाढतो, मागे असेल तर घटतो.

हिच बसवताना टेपने पुढच्या चाकाच्या कमानीची उंची तीनदा मोजायची: ट्रेलर न जोडता, जोडून पण बार न चढवता, आणि बार चढवून. दुसऱ्या मापात पुढची बाजू उचलली जाते, कारण पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो. स्टिअरिंग हलकं लागतं ते यामुळेच. बार ताणल्यावर ती किती खाली यायला हवी, हे ट्रकच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. जास्त ताणू नका, मागची चाकं हलकी पडतात. मग ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (पैसे देऊन वापरायचा मोठा वजनकाटा, प्रत्येक अ‍ॅक्सलचं वजन वेगळं देतो) वजन करा: एकदा नुसत्या ट्रकचं, एकदा ट्रेलरसकट बार न चढवता, एकदा बार चढवून. दुसऱ्या वजनात ट्रकच्या दोन्ही अ‍ॅक्सलची बेरीज जितकी वाढली, तितका बॉलवरचा खरा भार. लगोलग केलेली पुढची वजनं स्वस्तात होतात.

घाटात टर्बोचा फायदा स्पष्ट जाणवतो. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण 3 टक्के घटते. कोलोरॅडोत आय-70 वरचा आयझेनहॉवर बोगदा 11 हजार फुटांवर आहे, म्हणजे तिथे जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेलेली असते. उतारावर टो/हॉल मोड (ओझं ओढतानाची गिअरची सेटिंग) लावून खालचा गिअर धरा. ब्रेकवर सतत पाय ठेवला तर ते तापून निकामी होतात. ट्रेलरच्या ब्रेकचा गेन, म्हणजे ते किती जोराने लागावेत ते, ठरवायला सपाट, रिकाम्या रस्त्यावर ताशी 20-25 मैल वेगाने ट्रकमधल्या ब्रेक-कंट्रोलरचा हाताचा लिव्हर दाबा. चाकं लॉक होईपर्यंत गेन वाढवा, मग जरासा कमी करा.

इंधनाचं गणित कडक आहे. रिकामा ट्रक हायवेवर गॅलनला 20 मैलांच्या आसपास देतो, ट्रेलर ओढताना 9-10. वजनापेक्षा ट्रेलरचं उभं तोंड वारा अडवतं म्हणून हे होतं, त्यामुळे ताशी 70 मैलांऐवजी 62 ने गेलं तर फरक लगेच दिसतो. 36 गॅलनची टाकी मिळत असेल तर तीच घ्या. 23 गॅलनच्या टाकीवर दीड-पावणेदोनशे मैलांत पंप शोधावा लागतो, आणि ट्रेलर घेऊन वळता येईल असा पंप दर एक्झिटला नसतो.

ट्रेलरसाठीच बनवलेले बरेच एसटी टायर ताशी 65 मैलांच्या वेगमर्यादेचे असतात. थंड असतानाच बाजूवर लिहिलेल्या कमाल दाबापर्यंत हवा भरा. कमी हवेने टायर तापतो आणि फुटताना चाकावरचा पत्राही फाडून नेतो. चाक काढून पुन्हा लावलं तर 10, 25 आणि 50 मैलांवर नट टॉर्क रेंचने तपासा. ट्रकमधून ट्रेलरला वीज नेणाऱ्या सात पिनांच्या प्लगला डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा, नाहीतर पिना गंजून ब्रेकचा सिग्नल तुटतो. ब्रेकअवेची तार (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी) सेफ्टी चेनमध्ये अडकवू नका, ती ट्रकलाच वेगळी जोडा.

भरलेला ट्रेलर 7,500 पाउंडांच्या वर जात असेल किंवा सहा माणसं नेहमीची असतील, तर पाऊण टनी, म्हणजे पुढच्या वर्गाचा, ट्रक बघा, तोही शक्यतो पेट्रोलचा. डिझेल इंजिन इतकं जड असतं की त्याच ट्रकचा पेलोड कित्येक शे पाउंडांनी उतरतो, आणि स्टिकर वाचण्यापासून सगळा हिशेब पुन्हा करावा लागतो.